हा मुलगा कुणाच्या पटावर?

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते: डी.एड., बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला महिनाभर तरी विशेष शाळेत, म्हणजे अंध, कर्णबधिर अशा मुलांच्या शाळेत, पाठवावं, आणि विशेष शिक्षणाची पदविका घेणाऱ्याला चाळीस पोरांच्या वर्गावर उभं करावं. ते काहींना पटलं, काहींना झोंबलं. या महिन्याची निम्मी पत्रं त्यावरच आहेत. एका गृहस्थांनी पोस्टकार्डावर एवढंच लिहिलंय, ‘बाई, आधी चाळीस पोरांना शिक्षक द्या, मग विशेषचं बघू.’ त्यांचंही काही चुकलेलं नाही. पण त्यांच्याशी वाद घालत बसले तर बाकीची पत्रं राहतील.

बाई, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे. यंदा पहिलीत एक मुलगा आलाय, त्याला कमी ऐकू येतं. कानामागे यंत्र आहे. फिरते विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा येतात, त्याला व्हरांड्यात घेऊन बसतात, फॉर्म भरतात आणि जातात. बाकीचे दिवस तो नुसता माझ्याकडे बघत बसतो. माझं डी.एड. २००९ चं, त्यात यातलं कुणी काही शिकवलं नाही. केंद्रप्रमुखांना विचारलं तर म्हणतात, ते विशेषवाल्यांचं काम. मी नेमकं काय करू?
— एक शिक्षिका, जत तालुका

तुमच्या पत्राला उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते.

१९८८ साली मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर होते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, वर पत्रा. माझ्या दुसरीत असाच एक मुलगा होता. तेव्हा कानामागची यंत्रं आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. त्याच्याकडे काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी होती, आत पेन्सिल सेल, डबीतून वायर निघून कानात. डबी छातीवर पट्ट्याने बांधलेली. पोरं त्याला ‘रेडिओ’ म्हणायची. मला त्याची दया आली. मी त्याच्या आईला बोलावून सांगितलं, बनियनला आतून खिसा शिवा, डबी त्यात ठेवा आणि वरून शर्ट घाला, म्हणजे कुणाला दिसणार नाही. तिने रात्रीत शिवून आणला.

त्यानंतर तो मुलगा बिघडला. कानातली गोळी उपसून काढायचा, परत घातली की रडायचा, डोकं हलवत बसायचा. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हट्टी आहे. लक्ष नसते.’

सहा वर्षांनी, १९९४ साली, बिनपगारी रजा काढून मी मुंबईला कर्णबधिरांच्या शिक्षणाची पदविका करायला गेले. पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी तसलीच एक डबी काढली, डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी तिला जोडून माझ्या कानात घातली आणि डबी स्वतःच्या पदराखाली धरून दोन पावलं चालल्या. खर्र खर्र खर्र, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मॅडम तोंडाने काहीतरी बोलत होत्या, ते त्या गारांत बुडून गेलं होतं. त्या डबीचा माइक डबीवरच असतो, त्यावर कापड घासलं की हेच होतं. म्हणून ती शर्टावर बांधायची असते, आत नाही. सांगायला एक मिनिट लागतं. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत ते मिनिट कुणी दिलं नव्हतं. तो मुलगा चौथीनंतर शाळेत आला नाही, हे मला पुढे कळलं.

म्हणून म्हणते, ‘ते विशेषवाल्यांचं काम’ हे वाक्य केंद्रप्रमुखांनी तुम्हाला ऐकवलं तर त्यांना शांतपणे विचारा, हा मुलगा कुणाच्या पटावर आहे? हजेरी तुम्ही घेता. पंधरवड्यातले बारा दिवस तो तुमच्यापुढे बसतो.

आता तुमचं काम. रोज परिपाठ झाला की तीन मिनिटं काढा. मुलाच्या मागे उभ्या राहा, ओठ दिसता कामा नयेत. एकेक आवाज काढा: आ, ऊ, ई, म, श, स. मधलं अंतर कमीजास्त ठेवा, नाहीतर तो ताल पकडतो आणि नुसत्या अंदाजाने उत्तर देतो. आवाज ऐकला की त्याने एक चिंचोका वाटीत टाकायचा. आधी हातभरावरून, मग आठ-दहा फुटांवरून. या सहा आवाजांत आपल्या बोलण्यातला खालचा सूर ते वरचा सूर सगळा पट्टा येतो. काल सहा चिंचोके पडले आणि आज दोन, तर पोरगा हट्टी झालेला नाही, सेल संपलाय किंवा नळीत मळ बसलाय किंवा कानात पाणी झालंय. कानामागच्या यंत्राच्या गोल सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती एकदा काढली की सेल वापरा न वापरा, उतरायला लागतो. पुष्कळ आया बचत म्हणून रात्री ती पट्टी परत लावून ठेवतात, त्याने काही वाचत नाही. यंत्र शिट्टी मारत असेल तर कानातला साचा सैल झालाय. पोर वाढतं तसा कान वाढतो, साचा बदलायला हवा. विशेष शिक्षकांना फोन करताना ‘त्याला ऐकू येत नाहीये’ असं मोघम सांगू नका. ‘सोमवारपासून श आणि स जात नाहीत’ असं सांगा. बघा, पुढच्या खेपेला ते फॉर्माच्या आधी यंत्र बघतील.

श आणि स यांचं एक मराठीपुरतं आहे, ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही, पोरांनी शिकवलं. आपल्या भाषेत ‘तू’चं क्रियापद स वर उभं आहे. जेवला, जेवलास. आला, आलास. ज्याला स ऐकू येत नाही त्याला ‘डबा खाल्लास का?’ आणि ‘डबा खाल्ला का?’ सारखंच. आपण त्याच्याविषयी विचारतोय की शेजारच्याविषयी, हे त्याला कळत नाही, म्हणून तो शेजारच्याकडे बघतो. आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. प्रश्न विचारताना त्याच्याकडे हात करा, नाव घ्या, एवढ्याने अर्धं काम होतं.

आणखी एक. त्या फिरत्या शिक्षकांना मुलाला व्हरांड्यात नेऊ देऊ नका. पुढच्या खेपेला म्हणा, ‘सर, आज पहिली-दुसरीला गोष्ट तुम्ही सांगा, मी त्याच्याशेजारी बसते.’ ते आधी नाही म्हणतील. आग्रह करा. अर्ध्या तासात त्यांना कळेल तुमचा वर्ग म्हणजे काय आहे, आणि तुम्हाला कळेल तुमच्या वर्गात त्याच्या जागेवरून काय दिसतं आणि काय दिसत नाही. हे एकमेकांचं प्रशिक्षण फुकट आहे, त्याला परिपत्रक लागत नाही.

मी बारावी झाले. शिक्षिकाच व्हायचं आहे. मावशी म्हणते, विशेष शिक्षणाचं डी.एड. कर, जागा निघणार आहेत. बाबा म्हणतात, साधं कर, दोन्हीकडे चालेल. खरं काय?
— एक विद्यार्थिनी, वाशिम

दोघांचंही अर्धं खरं. आपल्याकडे शिक्षक घडवायला दोन दारं आहेत आणि दोन्हीचे पहारेकरी वेगळे. साधं डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड.), बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येतं. विशेष डी.एड., बी.एड. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, तिचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं.

२०११ च्या नियमानुसार विशेष डी.एड. केलेली व्यक्ती पहिली ते पाचवीवर नेमली गेली, तर तिला नंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा जोडवर्ग करावा लागतो. उलट दिशेने असा जोडवर्ग नाही. साधं बी.एड. केलेल्याला समावेशक शाळेवरचा, म्हणजे दिव्यांग मुलं इतरांबरोबरच शिकतात अशा शाळेवरचा, अर्धा पेपर असतो, तोही २०१४ च्या नव्या नियमांनंतर आला. म्हणजे विशेषवालीला साध्या मुलांसाठी सहा महिने, आणि साध्यावालीला विशेष मुलांसाठी अर्धा पेपर. गेल्या अंकात मी चिडून ते वाक्य लिहिलं, ते यामुळे.

तुझ्यापुरतं सांगायचं तर, लहान मुलांना शिकवायचं असेल तर बी.एड.च्या नादी लागू नकोस. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. धरत नाहीत. विशेष घेणार असशील तर त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का हे पुनर्वास परिषदेच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ‘मान्यता येतेय’ म्हणजे मान्यता नाही. फॉर्म भरण्याआधी गावातल्या कुठल्याही विशेष शाळेत एक आठवडा नुसती जाऊन बस. आठव्या दिवशी तुझं तुलाच कळेल, मावशीला विचारावं लागणार नाही.

माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम. पंचवीस म्हटलं की ५२ लिहितो, एकोणतीस म्हटलं की ३९. शाळेतून सांगितलं की याला अध्ययन अक्षमता आहे, आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत, तुम्ही स्वखर्चाने एक बाई लावा, त्या वर्गात त्याच्याजवळ बसतील; नाहीतर दुसरी शाळा बघा. आम्ही फार घाबरलोय.
— एक आई, डोंबिवली

घाबरू नका, आणि बाईही लावू नका. निदान एवढ्यात तरी.

‘पंचवीस’ हा शब्द तोडून बघा. पंच आधी, वीस नंतर. मूल जे ऐकतं तेच आणि त्याच क्रमाने लिहितं: ५, मग २. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस स्वच्छ ऐकू येतं, म्हणून ते तिसातलं काहीतरी लिहितं. एकोणचाळीसला ४९ लिहिणारी मुलं मी शेकड्याने पाहिली आहेत, त्यांतली कितीतरी आज हिशेबाच्या नोकऱ्या करतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ छापलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? विधिमंडळापर्यंत गेलं. मराठीची वाट लागली म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या पोराच्या वहीत ५२ आणि ३९ बघितले होते, कोण जाणे. मला स्वतःला पंचवीस हवाच आहे, पण सोबत वीस-पाच म्हणून घेतलं तर कुणाचं काय जातं?

अक्षमता नसेलच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण आठ वर्षांच्या आधी सहसा तसा शिक्का मारत नाहीत, आणि शिक्का मारणं शाळेचं काम नव्हे. शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयांत तपासणी होते, तिथेच प्रमाणपत्र मिळतं. वर्षभर हे करा: आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधा. पंचवीस म्हणताना त्याने आधी दोन जुडगे उचलायचे, मग पाच सुट्या काड्या, आणि मगच लिहायचं. तिसरीतही हेच राहिलं, शिवाय वाचताना घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ होत राहिला, जोडाक्षर आलं की गाडी अडायला लागली, तर तपासून घ्या.

आणि शाळेला एक अर्ज द्या, लेखी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सगळ्याच शासनमान्य शाळांना लागू आहे, केवळ अनुदानित शाळांपुरता नाही. मुलाला भेदभाव न करता घ्यायचं आणि त्याच्या गरजेनुसार सोय करायची, ही शाळेची जबाबदारी त्यात लिहिली आहे. ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत’ ही शाळेची अडचण आहे, तुमच्या मुलाची नव्हे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी बोलणं मुख्याध्यापकांच्या खोलीतच राहतं.

मी अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. समावेशित शिक्षणाचं प्रशिक्षण वर्षातून एकदा होतं. शिक्षक जातात, सही करतात, पेंगतात, परत येतात. वर्गात काही बदलत नाही. तुम्ही स्वतः अशी प्रशिक्षणं घेतलीत. दोष कुणाचा?
— एक मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा

माझा. विनोद नाही करत. १९९५ च्या कायद्यात सात अपंगत्वं होती, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाली, आणि मी त्या एकवीसच्या एकवीस पाट्या पडद्यावर दाखवल्या आहेत. सकाळी अंधत्व, चहानंतर श्रवणदोष, आणि थॅलेसेमिया-हिमोफिलिया नेमके पुरी-भाजीनंतर यायचे. त्या वेळी हॉलमध्ये जागे असायचे ते फक्त प्रोजेक्टरवाला आणि मी. संध्याकाळी सगळे हजेरीपत्रक आणि प्रवासभत्त्याच्या रांगेत. पाच-सहा वर्षं मी हे केलं आणि मनात म्हणायचे, शिक्षकांना आस्थाच नाही.

मग निवृत्तीच्या तीन-चार वर्षं आधी मी एक बदल केला. दोन दिवसांतला पहिला अख्खा दिवस अंधशाळेत. भाषण नाही. प्रत्येकाच्या हातात ब्रेल पाटी, टोच्या आणि जाड कागद, आणि प्रत्येकाशेजारी एक मुलगा किंवा मुलगी. मुलांनी शिक्षकांना शिकवायचं.

तुमच्याच जिल्ह्यातले एक विज्ञानाचे सर होते, वीस वर्षं प्रकाशाचं परावर्तन शिकवलेले. त्यांनी ठरवलं, आपल्या विषयातला शब्द लिहायचा: ‘किरण’. सवयीप्रमाणे डावीकडून टोचत गेले. कागद उलटला तर सगळं उफराटं. कारण पाटीवर टोचताना आपण कागदाच्या पाठीवर लिहीत असतो, उजवीकडून डावीकडे जायचं, म्हणजे उलटल्यावर ते डावीकडून उजवीकडे वाचता येतं. सरांनी दुसरा कागद घेतला. यावेळी उजवीकडून सुरू केलं, घाम पुसत एकेक टिंब मोजून टोचलं आणि शेजारच्या सातवीतल्या मुलीपुढे सरकवलं. तिने बोट फिरवलं, थांबली, परत फिरवलं. ‘सर, इकरण म्हणजे काय हो?’

आपण पहिली वेलांटी क च्या आधी काढतो. ब्रेलमध्ये जे तोंडाने म्हणतो त्या क्रमाने लिहायचं: आधी क, मग इ. सरांच्या हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने इ आधी टाकली. सगळे हसले, सरही हसले. पण थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘बाई, मला पाच अक्षरं चुकल्यावर इतका कंटाळा आला, तर माझ्या वर्गातली जी पोरं तीन वर्षं चुकतायत त्यांचं काय होत असेल?’ त्यांच्या वर्गात अंध मुलगी नव्हतीच, पण न वाचणारी पोरं होती. दुसऱ्या दिवशी ते परावर्तनाचा पाठ घेऊन आले: पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आरसा, किरण आणि मधली लंब रेषा, तिन्ही बोटाने चाचपता येतील अशा. जोडीला कॅरमचा स्ट्रायकर कडेवर मारून दाखवला. मला त्यांनी विचारलं, हे सगळ्या वर्गाला दाखवलं तर चालेल ना? मी म्हटलं, न दाखवून कसं चालेल?

तर मुख्याध्यापक महाशय, वरून येणारं प्रशिक्षण येऊ द्या, सह्या होऊ द्या. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. दर महिन्याला दोन शिक्षकांना एका दिवसासाठी जवळच्या विशेष शाळेत सोडा आणि तिथल्या दोघांना तुमच्याकडे बोलवा. त्यांनाही गरज आहे. माझ्याकडे एक छात्राध्यापिका होती, आठ कर्णबधिर मुलांच्या वर्गात उत्तम शिकवायची. तिला बेचाळीसच्या वर्गावर उभं केलं तर पाऊण तास ती पुढच्या आठ जणांशीच बोलली. मागचे खाली पेनाने क्रिकेट खेळत होते. तिला ते दिसलंच नाही, कारण तिच्या डोळ्यांना आठ जणांचंच माप बसलेलं होतं. ‘चांगला शिक्षक कुठेही चांगला’ असं म्हणतात. मी हे वाक्य आता म्हणत नाही. एका वर्गासाठी घडलेला हात दुसऱ्या वर्गात अडखळतो, आणि ते आधी माहीत असलं तर अडखळण्याची लाज वाटत नाही.

तासिकांचं वेळापत्रक कोलमडेल, हे मला माहीत आहे. महिन्यातून एकदा कोलमडू द्या.

मी बारा वर्षं कंत्राटी विशेष शिक्षिका आहे. तालुक्यात चौदा शाळा फिरते. शाळेत गेलं की ‘त्या अपंगांच्या बाई आल्या’ म्हणतात. बसायला खुर्ची नसते. प्रमाणपत्रांचे कागद, साहित्याच्या याद्या, शिबिरांची नावं, यातच दिवस जातो. साध्या शाळेची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊन बाहेर पडू का?
— एक भगिनी, नांदेड

ताई, टीईटी द्या. पास झालात तर हातात एक पत्ता जास्त राहील, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या बाजूने कागद हलायला लागलाय, तेही सांगते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांच्या कायम पदांविषयी निकाल दिला. पुढच्या सप्टेंबरात केंद्राने प्रमाण ठरवलं: प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, त्यावर पंधरांमागे एक. २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की पदांची संख्या जाहीर करा आणि भरा. आपल्याकडे निकाल आणि नेमणूक यांच्यामध्ये किती फायली असतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, त्यामुळे पेढे वाटू नका. पण बारा वर्षांचे नेमणुकीचे आदेश, मानधनाच्या पावत्या, नोंदणीचं नूतनीकरण, सगळं एका फाइलीत लावून ठेवा. जुन्या कागदांवर साहेबांची सही राहून गेलीय म्हणून अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

खुर्चीचं म्हणाल तर खुर्ची मागू नका, तासिका मागा. मुख्याध्यापकांना म्हणा, मी येते त्या दिवशी चौथीची एक तासिका माझ्या नावाने वेळापत्रकात लिहा, अख्ख्या वर्गाची. वर्गशिक्षकांनी मागे बसायचं. पहिल्या दोन वेळा पोरं तुमच्यावर चढतील, त्याची तयारी ठेवा. मोठा आवाज काढू नका, पुढच्या बाकांपासून लांब उभ्या राहा, मागच्या दाराजवळ. तिसऱ्या खेपेला ‘अपंगांच्या बाई’ऐवजी पोरं तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारतील. खुर्ची मग आपोआप येते, बहुतेक वेळा हेडसरांचीच.

बाई, माझ्या सहावीत एक कर्णबधिर मुलगी आहे, ओठ वाचते असं तिचे वडील सांगतात. तिला पहिल्या बाकावर बसवलंय. आणि एक विचारायचं होतं, जरा हसू नका. माझ्या मिशा मोठ्या आहेत, तीस वर्षांपासून. काढाव्या लागतील का?
— एक गुरुजी, कागल

हसले, माफ करा. पण प्रश्न अगदी रास्त आहे.

पहिल्या बाकावरून उठवा तिला. पहिल्या बाकावर मान वर करून तुमच्या हनुवटीखालचा भाग दिसतो, आणि मागून कोण बोललं ते कधीच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, एका बाजूला, अशी जागा द्या की मान वळवली की अर्धा वर्ग दिसेल. खिडकी तिच्या पाठीशी असावी, तुमच्या पाठीशी नको. तुमच्यामागे उजेड असला की तुमचा चेहरा काळा दिसतो. आणि ओठ वाचते म्हणजे सगळं वाचते असं समजू नका. प, ब, म तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माठ’ तिला जवळजवळ एकच. शब्द एकटा म्हणू नका, वाक्यात म्हणा, फळ्यावर एक शब्द लिहा.

मिशा काढू नका. वरच्या ओठावर आलेले केस तेवढे कात्रीने छाटा, ओठाची कड दिसली म्हणजे झालं. टोकं पिळदार ठेवलीत तरी तिची हरकत असायचं कारण नाही. मात्र फळ्याकडे तोंड करून बोलत असाल, आणि आपण सगळेच बोलतो, तर ते आजपासून बंद. लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. ते जमतंय का हे बघायला वर्गातल्याच एका आगाऊ पोराला नेमा. फळ्याकडे बघून बोललात की त्याने बाकावर टकटक करायची. माझ्या वेळी पहिल्या तासालाच सतरा वेळा टकटक झाली होती.